स्क्वाड्रनचा पन्नाशीचा मेळावा आणि स्मृतिशिळा: आधी काय हातात घ्यायचं?

आडवा_वारा

नमस्कार मंडळी. एका लढाऊ स्क्वाड्रनच्या स्थापनेला ५० वर्षं होतायत. माजी सैनिकांचा अडीच दिवसांचा मेळावा आणि जुन्या धावपट्टीजवळ एक स्मृतिशिळा, अशी दोन कामं एकत्र आली आहेत. हाताशी १६ महिने. हयात सुमारे १३० जण, वयं ६८ ते ९१. त्यात वैमानिक थोडे, तंत्रज्ञ आणि ग्राउंड क्रू जास्त. शिळेवर सध्याच्या हिशोबाने २३ नावं. जागेच्या मालकाचा तोंडी होकार आहे, कागद अजून नाही.

पाच जणांची समिती आहे. तीन बैठका झाल्या, तिन्ही हॉल आणि जेवणावर गेल्या. माझे प्रश्न असे: कामाचा क्रम काय ठेवावा? नावं कुठल्या क्रमाने कोरावीत? दगड बरा की धातू? एवढ्या वयाच्या लोकांसाठी कार्यक्रम आखताना नेमकं काय चुकतं? आणि एक सभासद विमानांची सलामी हवीच म्हणून हटून बसलेत, त्याचं काय?

‘शुभेच्छा, छान उपक्रम’ याबद्दल आधीच आभार मानून ठेवतो. मला मापं, मुदती आणि चुका हव्यात.

---

नोंदवही

हॉल नंतर. आधी यादी. हॉल बदलता येतो, कोरलेलं नाव नाही.

एक नाही, तीन याद्या करा आणि त्या तीन वेगळ्या माणसांकडे द्या. पहिली हयात लोकांची. दुसरी सेवेत असताना गेलेल्यांची, म्हणजे शिळेवरची. तिसरी निवृत्तीनंतर निवर्तलेल्यांची. ही कार्यक्रमात वाचायची किंवा पुस्तिकेत छापायची. याद्यांची सरमिसळ झाली की हयात माणसाचं नाव श्रद्धांजलीत वाचलं जातं, आणि त्याहून वाईट चूक अशा मेळाव्यात नाही. ती होते कशी? एकाच नावाचे दोघे असतात, टपाल परत येतं, फोन बंद लागतो आणि कुणीतरी ‘गेले वाटतं’ म्हणतं. म्हणून चौथा रकाना ठेवा: ‘संपर्क नाही’. मृत्यूची नोंद करायला दोन स्वतंत्र आधार लागतील, त्यातला एक कुटुंबाचा किंवा कागदाचा. कुणाच्या आठवणीला आधार धरू नका.

आता तुमच्या त्या २३ नावांबद्दल. आकडा पक्का समजू नका. समितीने आधी एका वाक्यात निकष लिहून मंजूर करावा, नावं समोर न ठेवता. मग त्या निकषावर ही प्रकरणं घासून बघा:

दुसऱ्या युनिटमधून तात्पुरता जोडलेला वैमानिक. हँगरमधल्या अपघातात गेलेला तंत्रज्ञ. नेमणुकीवर असताना रस्ते अपघातात किंवा आजाराने गेलेला. बेपत्ता झालेला, ज्याचं काहीच सापडलं नाही. आपल्या स्क्वाड्रनचा माणूस, पण विमान दुसऱ्या स्क्वाड्रनचं.

निकष आधी ठरला असेल तर पुढे एखाद्या घराला ‘नाही’ सांगावं लागलं तरी ते नियमाने सांगता येतं. नावं समोर ठेवून निकष ठरवायला बसलात तर प्रत्येक नावावर वेगळं मतदान होईल आणि ग्राउंड क्रूची नावं मागे पडतील. तसं होतंच, कारण विमान अपघाताची नोंद आणि आठवण दोन्ही ठळक राहतात, हँगरमधल्या अपघाताची राहत नाही.

स्पेलिंग आणि शुद्धलेखनासाठी प्रत्येक कुटुंबाला कोरायच्या अक्षरांतली प्रतिमा पाठवा, ‘हे असंच, याच वेलांटीने, दगडात जाणार आहे’ या ओळीसह. तीन आठवडे द्या. उत्तर आलं नाही तर तो होकार समजू नका, फोन करा. सेवेच्या कागदावरचं नाव आणि घरचं नाव वेगळं असेल तर कुटुंबाचं ऐका, कागदावरचं पुस्तिकेत द्या.

क्रमाबाबत जगात तीन तऱ्हा दिसतात. इंग्लंडमध्ये रनीमीडला १९५३ साली खुलं झालेलं हवाई दलांचं स्मारक आहे. ज्यांची कबर कुठेच नाही अशा २०,००० हून अधिक जणांची नावं तिथे वर्षानुसार, मग दल आणि हुद्द्यानुसार लावली आहेत. वॉशिंग्टनच्या १९८२ च्या व्हिएतनाम भिंतीवर ५८,००० हून अधिक नावं मृत्यूच्या क्रमाने आहेत, हुद्दा अजिबात नाही. एका दिवशी गेलेले तिथे शेजारी शेजारी राहतात, पण नाव शोधायला सूची लागते. दिल्लीच्या २०१९ च्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात प्रत्येक नावाला ग्रॅनाइटची स्वतंत्र वीट आहे, त्यामुळे नवं नाव आलं तरी जुन्याला हात लागत नाही.

२३ नावांना सूची लागणार नाही. म्हणून माझं मत तारखेचा क्रम, हुद्दा नाही. दोन आसनी विमानात एकत्र गेलेले दोघे अकारविल्हे लावले की दोन टोकांना जातात, ते बघवत नाही.

अजून एक, पत्त्यांची यादी गटांमध्ये फिरवू नका. सर्वांना नाव आणि गाव एवढंच, फोन सचिवाकडून. मेळाव्याचं जाहीर झालं की ‘तुमच्या मेळाव्याच्या खोल्या आम्हीच बघतो’ असे फोन करून कार्डाचे तपशील मागणारे उगवतात. पहिल्याच पत्रात लिहा: आम्ही कुणाकडूनही फोनवर कार्डाचा नंबर मागणार नाही.

---

पहिली_शिफ्ट

हुद्दा काढून टाका हे वैमानिकांना सोपं वाटतं. एखादा एअरमन खालच्या हुद्द्यापासून सार्जंटपर्यंत चढला असेल तर तो हुद्दा त्याच्या घरच्यांसाठी कमाई असते. दगडावर नको हे मान्य, पण पुस्तिकेत हुद्दा, ट्रेड (म्हणजे कामाची शाखा) आणि नेमणुकीची वर्षं प्रत्येकाची पूर्ण छापा. आणि ‘वैमानिक’ आणि ‘इतर’ असे दोन गट कुठेही करू नका, बसायच्या जागेतसुद्धा नको.

---

विंडसॉक

वयस्क मंडळींच्या प्रश्नावर लिहितो. बाकी गोष्टी इथले जाणकार सांगतीलच.

सगळ्यात जास्त बिघडतं ते ऐकण्यामुळे. जेट इंजिनाजवळ वर्षानुवर्षं काम केलेल्यांचं ऐकणं आधी वरच्या पट्टीत जातं. स्वर ऐकू येतात, पण स, श, फ, त, क निसटतात. म्हणून ‘आवाज येतोय, शब्द कळत नाहीत’. भरलेल्या हॉलमध्ये पार्श्वसंगीत लावलंत की हे लोक हसून मान डोलावतात आणि साडेआठला खोलीवर जातात. संगीत पूर्ण बंद. दहा-बारा जणांची गोल टेबलं नकोत, सहा ते आठची हवीत, कारण मोठ्या टेबलावर समोरच्याचं बोलणं पोचतच नाही. गालिचा आणि पडदे असलेला हॉल काचेच्या आणि फरशीच्या हॉलपेक्षा कधीही बरा. श्रवणयंत्रासाठी लूप (माईकचा आवाज थेट यंत्रात पोचवणारी तार) बसवलेला हॉल मिळाला तर सोडू नका, पण आदल्या दिवशी एका यंत्र लावलेल्या माणसाला खुर्ची-खुर्चीवर बसवून तो चालू आहे का ते तपासा. भिंतीवर चिन्ह लावलेलं असतं, मशीन बंद असतं. आणि ‘मला माईक लागत नाही’ म्हणणाऱ्याला माईक द्याच.

नावाची पाटी हा दुसरा मुद्दा. खिशावर टोचायच्या छोट्या पाट्या निरुपयोगी आहेत. पोस्टकार्डाएवढं कार्ड, म्हणजे साधारण १०५ बाय १४८ मिमी, आणि त्यावर युनिटमध्ये ज्या नावाने हाक मारायचे ते नाव ६० पॉइंटात. खाली पूर्ण नाव, ट्रेड, युनिटमधली वर्षं आणि तेव्हाचा फोटो. पन्नास वर्षांनी चेहरा ओळखू येत नाही, फोटो येतो. दोन्ही बाजूंना तेच छापा, गळ्यातलं कार्ड हमखास उलटतं. फीत आखूड ठेवा, कार्ड छातीवर राहिलं पाहिजे. टेबलाखाली गेलेलं कार्ड कुणी वाचत नाही. कुटुंबीयांच्या कार्डावर ‘अमुक यांची मुलगी’ असं लिहा, म्हणजे लोक आपणहून येऊन बोलतात.

जागा ठरवताना: राहणं, जेवण आणि बैठक एकाच इमारतीत. किमान दोन लिफ्ट, एक बंद पडली तर व्हीलचेअरवाले अडकतात. उताराचा चढ १ ला १२ यापेक्षा तीव्र नको. न्हाणीघरात धरायची दांडी किती खोल्यांत आहे ते मोजून लिहून घ्या. ‘सगळीकडे आहे’ हे उत्तर चालणार नाही. हातांच्या खुर्च्या हव्यात, हात नसलेल्या खुर्चीतून उठणं ८० नंतर कठीण जातं. उपकरणांसाठी पलंगाजवळ प्लग आणि इन्शुलिनसाठी फ्रिज, हे नोंदणी फॉर्मवरच विचारा.

करारात दोन आकडे नीट वाचा. एक, ठरवलेल्या खोल्यांपैकी किती टक्के रिकाम्या राहिल्या तर दंड नाही. दोन, न भरलेल्या खोल्या कोणत्या तारखेपर्यंत परत करता येतात. या वयोगटात ‘येतो’ म्हणणारे शेवटच्या आठवड्यात आजारपणाने गळतात, म्हणून अंदाजापेक्षा कमी खोल्या धरा आणि ‘लागल्यास वाढवून मिळतील’ असं लिहून घ्या. दहा दिवस आधी प्रत्येकाला फोन. संदेश नव्हे, फोन.

वेळापत्रक अर्धं रिकामं ठेवा. खरा मेळावा एका मोठ्या खोलीत होतो, जिथे दिवसभर चहा, जुने अल्बम आणि बसायला जागा असते. ती खोली सकाळी ८ ते रात्री १० उघडी हवी, कुलूप लावायचं नाही. समित्यांना रिकामा वेळ बघवत नाही, मग त्या त्यात भाषणं भरतात. एका दिवसात एकच बाहेरचा कार्यक्रम, तोही सकाळी. हवाई तळाची भेट ठरवणार असाल तर सर्वांच्या ओळखपत्रांचे तपशील सहा आठवडे आधी गोळा करा. परदेशी नागरिकत्व घेतलेली मुलं-नातवंडं असतील तर त्यांची परवानगी वेगळी आणि जास्त वेळ खाणारी असते.

औषधांची यादी आणि घरच्यांचा नंबर बंद पाकिटात, पाकीट कार्डाच्या मागच्या कप्प्यात. हृदयाला झटका देऊन चालू करणारं यंत्र इमारतीत कुठे आहे आणि ते वापरायला शिकलेलं कोण आहे, हे समितीतल्या दोघांना पाठ हवं. एक गाडी आणि एक चालक पूर्ण वेळ मोकळा. त्याला फुलं आणायला पाठवायचं नाही.

---

घण_छिन्नी

दगड की धातू यावर.

ब्राँझचा ओतीव फलक दिसायला उत्तम, पण दोन अडचणी. भंगाराच्या भावासाठी चोरी होते, आणि ओतल्यावर चूक सापडली तर पूर्ण फलक पुन्हा. उघड्या, राखण नसलेल्या धावपट्टीजवळ मी धातू सुचवणार नाही. बसवायचाच असेल तर साधे लोखंडी बोल्ट नकोत, दोन पावसाळ्यांत दगडावर गंजाचे ओघळ उतरतात. ब्राँझ किंवा स्टेनलेसचे, बाहेरून न उघडणारे.

ग्रॅनाइट घ्या. चकाकी दिलेला काळा दगड दुकानात छान वाटतो; उघड्यावर त्यात आकाश आणि वाचणाऱ्याचा स्वतःचा चेहरा दिसतो, नावं दिसत नाहीत. पुढची बाजू मॅट घासलेली मागा. अक्षरं लेसरने ‘काढलेली’ नकोत, ती पृष्ठभागावरच राहतात. वाळूच्या माऱ्याने किंवा छिन्नीने किमान ३ मिमी खोल हवीत. रंग भरलेली अक्षरं काही वर्षांत ठिकठिकाणी रिकामी होतात. खोल अक्षर रंग गेला तरी सावलीने वाचता येतं. त्यासाठी शिळेचं तोंड असं ठेवा की ऊन तिरकं पडेल. दिवसभर सावलीत राहणाऱ्या बाजूला शेवाळ धरतं आणि अक्षरं सपाट दिसतात.

माप काढायची रीत: म्हाताऱ्या डोळ्यांना ३ मीटरवरून सहज वाचायला अक्षर साधारण २५ मिमी उंच लागतं. ओळीपासून ओळ ४५ मिमी धरा. २३ नावं एका रांगेत लावली तर १०३५ मिमी झाली, वर बोधचिन्ह आणि मथळा वेगळा, म्हणजे दीड मीटरची शिळा. दोन रांगांत १२ ओळी, ५४० मिमी. हे जास्त सुटसुटीत. देवनागरीत कोरणार असाल तर ओळींतलं अंतर ४५ च्या वर ताणून बघा, कारण वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकींत अडकतात. रोमनसाठी बनवलेला आराखडा तसाच उचलून देवनागरी भरली की हेच होतं. सगळ्यात खालची ओळ जमिनीपासून ७० सेंमीच्या वर हवी, नाहीतर गवत आणि पुष्पचक्रं ती झाकतात. व्हीलचेअरवरच्या माणसाची नजर साधारण ११५ ते १२० सेंमीवर असते, नावांचा मध्य तिथे येऊ द्या.

ग्रॅनाइटचा घनमीटर सुमारे २७०० किलो. १.२ मीटर बाय ०.९ मीटर, जाडी १० सेंमी, अशी शिळा जवळपास २९० किलो होते. ती चार माणसांनी उचलायची नाही. चौथरा घालून किमान तीन ते चार आठवडे जाऊ द्या, मग शिळा, आत स्टेनलेसच्या खुंट्या. शिळेसमोर ३ मीटर रुंद पक्की फरशी करा. खडी टाकली की व्हीलचेअर तिथेच थांबते.

कारागिराकडे फाइल पाठवून मोकळे होऊ नका. पूर्ण मापात कागदावर छापून, ठरलेल्या उंचीवर भिंतीला चिकटवा. मग समितीबाहेरच्या दोन माणसांना एक-एक अक्षर, उलट्या क्रमाने, शेवटच्या नावापासून वाचायला सांगा. सरळ क्रमाने वाचलं की डोळा ओळखीचं नाव पुरं करून टाकतो आणि चूक दिसत नाही. त्या कागदावर सह्या घ्या आणि तोच कागद कारागिराला द्या.

मुदती अशा: जागेचा लेखी करार आत्ता, या महिन्यात. मजकूर अंतिम, कार्यक्रमाच्या ६ महिने आधी. दगडाची ऑर्डर ५ महिने आधी. बसवणं किमान एक महिना आधी, म्हणजे काही चुकलंच तर श्वास घ्यायला जागा राहते.

---

आडवा_वारा

सगळं छापून समितीपुढे ठेवलं. जागेच्या मालकाला पत्र गेलं. निकषाचं वाक्य कालच्या बैठकीत मंजूर झालं आणि त्यामुळे २३ ची २५ नावं झाली. दोन्ही हँगरमधली.

दोन गोष्टी राहिल्या. एक सभासद म्हणतात की शिळेऐवजी वापरातून काढलेलं विमानच मिळवून चौथऱ्यावर ठेवू. आणि सलामीचं काय?

---

रिव्हेट

विमानाचा विचार सोडा. कारणं देतो, म्हणजे त्या सभासदांना नुसतं ‘नाही’ ऐकावं लागणार नाही.

पहिलं, अशी विमानं बहुतेक वेळा उसनी मिळतात, मालकी दलाकडे किंवा संग्रहालयाकडेच राहते. निगा राखली नाही तर परत नेतात किंवा भंगारात काढायला लावतात. तेव्हा तुमची नावं उभी कुठे राहणार?

दुसरं, आत काय उरलंय. इजेक्शन सीटची काडतुसं, कॅनोपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) उडवायचा स्फोटक दोर, इंजिनातल्या अग्निशामक बाटल्यांची काडतुसं, हायड्रॉलिकमध्ये दाबाखाली राहिलेले अ‍ॅक्युम्युलेटर, ऑक्सिजनची बाटली. जुन्या घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग असतो. अंधारात चमकणं बंद झालं तरी किरणोत्सर्ग चालूच असतो, कारण चमकणारा पदार्थ थकतो, रेडियम नाही. ब्रेक आणि उष्णतारोधक पट्ट्यांत अ‍ॅस्बेस्टॉस. हे सगळं काढल्याचं शस्त्रास्त्र तंत्रज्ञाचं लेखी प्रमाणपत्र नसेल तर विमानाला हात लावू नये, मुलांना कॉकपिटमध्ये बसवणं तर दूरच.

तिसरं, उभं करणं. शेपटीकडचं इंजिन काढलं की भारकेंद्र पुढे सरकतं. नाकातलं रडार आणि तोफा काढल्या की मागे सरकतं आणि विमान शेपटीवर बसतं. दोन्ही काढलेलं विमान आलं तर वजन करूनच कळणार. खांबावर चढवायचं असेल तर आधार मुख्य स्पार (पंखाचा कणा) किंवा जॅक लावायच्या जागांनाच, पत्र्याला नाही. नाक वर करून ‘उडतंय’ असं दाखवायची सगळ्यांना हौस असते. पंख तेव्हा खरंच उचल देतात आणि वादळात ती उचल पायातल्या बोल्टवर येते. पंख वाऱ्याला शून्य कोनात ठेवावेत. एलेरॉन, एलिव्हेटर, रडर हे पंख-शेपटीचे हलणारे भाग आतून पट्ट्या मारून घट्ट करायचे, नाहीतर फडफडून बिजागऱ्या ढिल्या होतात. पोलादी आधार आणि अ‍ॅल्युमिनियम यांमध्ये नायलॉनचा थर हवा. तसेच टेकवले की ओलाव्यात अ‍ॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन जातं. वीज पडली तर तिला जमिनीत जायला वेगळी तार.

आणि पाणी. उडणाऱ्या विमानातलं पाणी जागचं हलतं, निघतं. उभ्या विमानातलं साचतं. पोटाच्या सगळ्यात खालच्या प्रत्येक कप्प्याला ८ ते १० मिमीचं भोक पाडावं लागतं आणि दर वर्षी सळी घालून साफ करावं लागतं, कारण घरटी आणि माती त्यात बसतात. इंजिनाच्या दोन्ही तोंडांना जाळी. टायरवर वजन ठेवलं तर ते चपटे होऊन फाटतात, म्हणून धुऱ्याखाली पोलादी ठोकळे. कॅनोपी उन्हाने धुरकट होते आणि आतली वाफ कॉकपिट कुजवते. पाच-सात वर्षांनी पूर्ण रंग. ज्या समितीचं सरासरी वय सत्तरच्या पुढे आहे तिने पुढच्या तीस वर्षांची रंगरंगोटी अंगावर घेऊ नये.

विमानाचा तुकडाच हवा असेल तर प्रोपेलरचं पातं किंवा चाकाचा लँडिंग लेग चौथऱ्याशेजारी बसवा. किंवा काहीच नको. अमेरिकेतल्या आर्लिंग्टनच्या २००६ च्या हवाई दल स्मारकात तीनच वक्र स्तंभ आहेत. चार विमानं एकत्र वर जाऊन वेगवेगळ्या दिशांना फाकतात त्या रचनेतला चौथा माग मुद्दाम सोडलाय. जे नाही ते न दाखवता कळतं.

---

काउंटडाउन

सलामीबद्दल. अर्ज आजच करा, पण कार्यक्रम असा बांधा की विमानं आली नाहीत तरी कुणाला काही उणं वाटणार नाही. खराब हवा, आणीबाणीची कामगिरी, तांत्रिक बिघाड, यातलं काहीही शेवटच्या तासात रद्द करायला पुरतं. पत्रिकेवर ‘सलामी’ हा शब्द छापू नका. आली तर आली.

आली तर गणित असं. ३०० नॉट वेगाने येणारं विमान मिनिटाला सुमारे सव्वानऊ किलोमीटर कापतं. म्हणजे तुमच्या वक्त्याने दहा सेकंद जास्त घेतली तर ते दीड किलोमीटर पुढे गेलेलं असतं. ठरल्या जागी घिरट्या घालत थांबलेली विमानं तिथून सुटली की मागे घेता येत नाहीत, म्हणून जुळवून घ्यायचं काम जमिनीवरच्यांचं. सलामीच्या आधीचा भाग लवचीक ठेवा: वाद्यसंगीत, जे एक मिनिटाने वाढवता किंवा मध्येच थांबवता येईल. तिथे भाषण ठेवलं की संपलं. एक माणूस रेडिओ घेऊन, घड्याळ वैमानिकांच्या वेळेशी सेकंदाला जुळवून उभा, आणि सूत्रसंचालकाला दिसेल असा. त्याच्याकडे दुसरं कुठलंही काम नाही.

‘बेपत्ता साथी’ रचना करणार असतील तर बहुधा चार विमानं येतात, त्यातलं तिसरं तुमच्या डोक्यावर येता येता वर उचलून निघून जातं आणि बाकीची तीन ती जागा रिकामी ठेवून सरळ जातात. हे बघायला मिळावं म्हणून खुर्च्या विमानं येण्याच्या दिशेला तोंड करून लावा. पाठीमागून येऊन डोक्यावरून जाणारं विमान ८५ वर्षांच्या मानेला दिसतच नाही, फक्त आवाज ऐकू येतो. त्या वेळी सूर्य समोर नको.

नावं वाचायचा हिशोब. २५ नावं, प्रत्येकामागे एक घंटेचा टोला, नाव आणि टोला मिळून १० सेकंद: चार मिनिटांच्या जरा वर. हे उभं राहून चालेल, पण मागे खुर्च्या हव्यात आणि ‘ज्यांना बसायचं आहे त्यांनी बसावं’ हे मोठ्याने सांगायला हवं, नाहीतर ही मंडळी पडेपर्यंत उभी राहतील. निवृत्तीनंतर गेलेल्यांची यादी मात्र उघड्यावर वाचू नका. १४० नावं ८ सेकंदांनी धरली तर जवळपास १९ मिनिटं होतात. ती संध्याकाळी हॉलमध्ये, बसून, दोन आवाजांत. वाचणाऱ्याने प्रत्येक नावाचा उच्चार कुटुंबाकडून ध्वनिमुद्रित मागवावा आणि कागदावर नाव तोडून आडनाव दुसऱ्या ओळीत नेऊ नये.

बिगूल, मौन, बिगूल हा क्रम. वादक माईकपासून ३०-४० मीटर दूर उभा करा, बिगुलाला माईक लागत नाही. मौन दोन मिनिटांचं म्हणाल तर घड्याळावर दोन मिनिटं. अंदाजाने घेतलेलं मौन ४० सेकंदांत संपतं. रेकॉर्ड वाजवायची वेळ आली तर फोनवरून नको, मध्येच कॉल येतो.

पुष्पचक्रं पाच-सहाच. प्रत्येकाला जाऊन, ठेवून, परत यायला ४५ सेकंद ते एक मिनिट लागतं. वाकता न येणाऱ्यांसाठी कमरेच्या उंचीचे स्टँड, त्यांच्या पायात वाळूच्या पिशव्या. धावपट्टीच्या मोकळ्या मैदानावर वारा नेहमीच असतो. माईकला फोमची टोपी आणि भाषणाचे कागद क्लिपबोर्डवर.

---

नोंदवही

पैशाचं कुणीच बोललं नाही म्हणून थोडक्यात. मेळावा आणि शिळा यांची खाती वेगळी. मेळाव्याची फी परत करता येते, शिळेची देणगी नाही, आणि हे पावतीवर छापलेलं असावं. एकाच खात्यात टाकलंत तर हॉलची तूट दगडातून भरली जाते आणि मग दगड पातळ होतो. फी ठरवताना न बदलणारे खर्च हयात १३० वर वाटू नका, तुम्हाला खात्री असलेल्या कमीत कमी आकड्यावर वाटा, वर १० टक्के अनपेक्षितासाठी.

शिळा कुणाच्या ताब्यात जाणार हे करारात हवं. जमीन विकली गेली तर काय, हलवायचा खर्च कुणाचा, वर्षातून एकदा जायचा रस्ता खुला राहील का. सोबत एक पान: दगडाचा प्रकार, अक्षराचा टाइप, खोली, कारागिराची फाइल, आणि साफ करायची रीत (पाणी आणि मऊ ब्रश एवढंच; तेजाब, तारेचा ब्रश, दाबाचं पाणी नको). समिती संपल्यावर हे पान ज्याच्याकडे असेल तोच शिळेचा वाली.

---

आडवा_वारा

विमानाचा प्रस्ताव मागे घेतला गेला. सलामीचा अर्ज गेला, पत्रिकेवर उल्लेख नाही. शेवटचा बारीक प्रश्न: अनावरणाचा पडदा कसा लावायचा? सर्वांत ज्येष्ठ सदस्य ९१ वर्षांचे आहेत, त्यांच्या हातून करायचंय.

---

घण_छिन्नी

गाठ नको, चिकटपट्टी नको, आणि वर ओढून काढायचा पडदा नको. गुळगुळीत कापड दोन भागांत शिवा, वरच्या कडेला वेल्क्रोचे चारच छोटे तुकडे, सलग पट्टी नाही. सलग पट्टी म्हाताऱ्या हाताने सुटत नाही. खालच्या दुमडीत सळी घाला म्हणजे वाऱ्याने आधीच उडणार नाही. दोन्ही भागांना मिळून एकच दोरी, तिच्या टोकाला हातात मावेल अशी लाकडी मूठ, उंची खुर्चीत बसून पोचेल एवढी. शिळेचे वरचे कोपरे गोल घासून घ्या, कापड तिथेच अडकतं. आदल्या दिवशी वारा असताना तीनदा करून बघा, त्यातलं एकदा त्यांच्याच हाताने.